साठ अंशाला मरतं

धाकट्याचा खोकला आधी सगळ्यांनी थट्टेवारी नेला. आई म्हणाली, पंखा अंगावर घेऊन झोपतो, मग काय होणार. शेजारी म्हणाले, हवा बदलली. तो स्वतः म्हणाला, "लहानपणी रडून लक्ष वेधायचो, आता वय झालं म्हणून खोकतो." थोरली मात्र त्या पहिल्या दिवसापासूनच त्याचे खोकले मोजत होती.

थोरली म्हणजे त्याची बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. दोघं एकाच कारखान्यात होती. ती प्रयोगशाळेत, तो वाळवणी खात्यात. नोकरी तिनेच लावून दिलेली. दोनदा धंद्यात आणि एकदा प्रेमात आपटून धाकटा घरी छताकडे बघत पडला होता, तेव्हा तिने साहेबांकडे शब्द टाकला. शब्द टाकून लावलेल्या नोकरीचं एक असतं. तिथे माणसाला काही झालं की बोट आपल्याकडे येतं. दुसऱ्या कुणाचं आलं नाही तरी आपलं स्वतःचं येतंच.

कारखान्यात बॅक्टेरिया पाळत. हो, पाळतच, दुभती जनावरं पाळावीत तसे. पोलादाच्या उंच टाक्यांत, कोमट गोड पाण्यात ते वाढत आणि एक एन्झाइम बाहेर टाकत. कपडे धुण्याच्या पावडरीत ते घातलं की रक्ताचा, घामाचा, अंड्याचा डाग खाऊन फस्त करतं. टाकीतलं पाणी गाळायचं, वाळवायचं, भुकटी करायची आणि गोण्या भरून पाठवायची. एका वाक्यात मावेल असा धंदा.

आता बॅक्टेरिया मूळचे काही दानशूर नसतात. आपणच केलेलं एन्झाइम आपणच तोडून खायची त्यांना खोड होती. थोरलीने त्यांच्या जनुकांत हात घालून ती खोड मोडली, तेव्हा उत्पादन तिप्पट झालं. मग तिने एन्झाइमचीच बांधणी आवळायला घेतली. जुनं एन्झाइम गरम पाण्यात मान टाकायचं आणि गिऱ्हाइकांना कडकडीत पाण्यात टिकणारं हवं होतं. या कामात तिची चार वर्षं गेली. डोळ्यांना चष्मा लागला, ठरत आलेलं एक लग्न मोडलं, आणि शेवटी जे हाती आलं ते सत्तर अंशालाही ढिम्म हललं नाही. कारखान्यात सगळे त्याला 'चिवटराव' म्हणायला लागले. महिन्याभरापूर्वी टाक्यांतून जुन्याच्या जागी तेच निघू लागलं. साहेबांनी केक कापला, भाषण केलं, त्यात थोरलीचं नाव दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा चुकीचं घेतलं.

या धंद्यात एक भीती असते आणि ती सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. भुकटी उडते. नाकातून आत जाते. जे सदऱ्यावरचा डाग सोडत नाही, ते फुप्फुसाशी काही सोयरीक करायला जात नाही. कुणाला जन्मभर काही होत नाही. कुणाचं शरीर मात्र तिची ओळख धरतं, डूख धरतं म्हणा, आणि मग चिमूटभर भुकटी छाती आवळायला पुरते. म्हणून वाळवणी खात्यात खोकला सुरू झाला की दवाखान्यात सांगायचं आणि खातं सोडायचं, असा नियम होता. धाकट्याने सांगितलं नव्हतं. खातं सुटलं तर दुसरीकडे घेतीलच याची खात्री नव्हती, आणि पुन्हा छताकडे बघत पडायची त्याची तयारी नव्हती.

थोरलीनेही रेटा लावला नाही, त्याला कारण होतं. मध्ये यंत्राची दुरुस्ती निघाली आणि वाळवणी खात्याला आठवडाभर सुट्टी मिळाली. धाकटा घरीच होता. खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. अंथरुणात तर फारच. थोरलीने त्यातून स्वतःला धीर दिला. कारखान्याचं असतं तर घरी बसून उतार पडला असता. घरी जास्त येतो म्हणजे पंखाच. एवढी शिकलेली बाई, पण भ्यालेल्या माणसाला हवा तो पुरावा हवा तेव्हा सापडतो.

त्या सकाळी धाकटा चहा घेत होता. थोरली समोर बसली होती आणि तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. खोकला नाही, श्वास. आत घेताना त्याचे खांदे वर उचलले जात होते आणि सोडताना छातीतून बारीक शीळ वाजत होती.

"आज दवाखान्यात जा," ती म्हणाली.

"जातो."

"आज म्हणाले मी."

"ताई, आज ड्रायर साफ करायचाय. माणसं नाहीत. उद्या नक्की." त्याने कप खाली ठेवला आणि श्वास पुरवून पुरवून बोलला, "आणि साफ करताना कसली भीती? गरम पाण्याने धुतल्यावर सगळं मेलेलं असतं. तूच तर सांगितलंयस."

"हो," थोरली म्हणाली. तिने सांगितलं होतंच. कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती ते सांगत असे.

"बघ, मग," तो म्हणाला आणि बूट घालायला वाकला. वाकल्यावर त्याला सरळ व्हायला वेळ लागला. आई दारात उभी राहून बघत होती. ती थोरलीकडे वळून हळूच म्हणाली, "तू असतेस ना तिथे, लक्ष ठेव गं." थोरलीने मान हलवली, पण तिला आईच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

प्रयोगशाळेत तिच्यापुढे एक वेगळाच वैताग वाट बघत होता. तिथे प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका खेपेत निघालेल्या मालाची, परीक्षा दुधावर होई. बशीएवढ्या काचेच्या थाळ्यांत दूध घालून गोठवलेला पांढराशुभ्र थर असे. त्यावर एन्झाइमचा थेंब टाकला की ते दूध खाऊन टाकतं आणि थेंबाच्या जागी पारदर्शक गोल पडतो. गोल जेवढा मोठा, तेवढा माल जोरकस. आणि शेजारी नेहमी एक कोरी थाळी ठेवायची. तिच्यावर साठ अंशाला अर्धा तास तापवून मारलेल्या एन्झाइमचा थेंब टाकायचा. ही थाळी पांढरीच राहायला हवी. ती पांढरी राहिली तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

आणि गेला महिनाभर कोरी थाळी पांढरी राहत नव्हती.

थोरलीने आधी भांडी धुणाऱ्या बाईला बोल लावला. मग नळ्या बदलल्या. मग दूध बदललं. कुणाचा तरी घाणेरडा हात लागतोय, अशी तिची खात्री झाली होती, आणि रोज ती बिघडलेली थाळी टाकून देऊन नवी करायला सांगत होती. प्रयोगशाळेतल्या माणसाची ही जुनी खोड आहे. साक्षीदार आपल्याविरुद्ध बोलला की साक्षीदार प्यायलेला आहे असं ठरवून मोकळं व्हायचं.

त्या दिवशी तिने सगळं स्वतःच्या हाताने केलं. नवी काच, नवी नळी, नवं दूध. स्वतः तापवलं, स्वतः घड्याळ लावलं, थेंब स्वतः टाकला. आता कुणाचा हात नव्हता. थाळी उबेत ठेवून ती दुसऱ्या कामाला लागली आणि थोड्या वेळाने येऊन बघते तर दुधात स्वच्छ गोल पडला होता. थाळीखाली टेबलावर तिची पेन्सिल होती. तिच्यावरची अक्षरं गोलातून वाचता येत होती.

आधी तिला नुसता राग आला. मग तिने मान वर करून भिंतीकडे बघितलं. तिथे पाटी होती, तिच्या आधीपासूनची, कडा पिवळ्या पडलेली. 'साठ अंश, अर्धा तास. मगच हात लावा.'

तिने पाटी पुन्हा एकदा वाचली.

साठ अंशाला मरायचं ते जुनं एन्झाइम. चिवटराव सत्तरालाही मरत नाही, आणि तो मरू नये म्हणून तिने चार वर्षं घातली. साठाला सगळं मरतं हेही तिला पाठ होतं आणि सत्तराला हे मरत नाही हेही. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची एकमेकींशी कधी भेट झाली नव्हती. कुणाच्याच डोक्यात झाली नव्हती. केक कापताना कुणी पाटीकडे बघितलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण घालणारी ती होती.

साठ अंशाच्या पाण्याने काय काय धुतात, ते तिच्या डोळ्यांपुढून भराभर गेलं. फरशी. नळ. गाळण्या. आणि ड्रायर. ड्रायर म्हणजे दोन मजले उंच पोलादी नरसाळं. आत गरम हवेत एन्झाइमचं पाणी फवारतात, त्याची भुकटी होते आणि थोडी भिंतींना चिकटून खपली धरते. घाणा संपला की आत साठ अंशाचं पाणी सोडायचं, मग कोरडी हवा, आणि मग एका माणसाने खालच्या दाराने आत शिरून खपल्या खरवडायच्या. तोंडाला साधं फडकं बांधून. मेलेल्या मालाला कशाला हवाय जाडजूड मुखवटा?

तिने वाळवणी खात्याला फोन लावला. वाजत राहिला. तिने साहेबांना लावला.

"ड्रायरची सफाई थांबवा. आताच्या आता."

"का? धुतलाय की. साठ अंशाला."

"साठाला मरत नाही ते. मीच न मरणारं केलंय."

"म्हणजे आपण म्हणतो तेवढं टिकाऊ आहे तर," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या कानात आधी तेच शिरलं.

तिने फोन ठेवला. कारखान्यात धावायचं नाही, असा नियम आहे, आणि नव्या माणसांना तो तीच शिकवत असे. ती धावली. आवार ओलांडताना टाक्यांजवळची माणसं बाजूला झाली आणि गळती झाली समजून दोघं तिच्यामागे निघाले. तिच्या मनात एकच होतं: आज आत शिरायची पाळी त्याची नसू दे. लगेच तिची तिलाच लाज वाटली, कारण त्याची नसेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी भावाची असणार होती. पण विचार मागे घेतला नाही तिने. भीती माणसाला इतकं उदार राहू देत नाही.

ड्रायरचं खालचं दार उघडं होतं. आतून पत्र्यावर खरवडण्याचा आवाज येत होता. दारातून बाहेर पडणाऱ्या उजेडात पांढरी धूळ संथ तरंगत होती, आणि ती किती बारीक आहे हे थोरलीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिने धाकट्याचं घरातलं नाव घेऊन हाक मारली. खरवडणं थांबलं.

"ताई? इथे कशी तू?" पोकळ पोलादात त्याचा आवाज घुमला.

"बाहेर ये. हळू. कपडे झटकू नकोस. बोलू नकोस."

तो रांगत बाहेर आला. पापण्यांवर पांढरं, फडक्यावर पांढरं, केसांत पांढरं. त्याने फडकं खाली ओढलं आणि तिचा चेहरा बघून हसू लागला. "काय गं, भूत बघितल्यासारखं काय—"

हसण्याचा खोकला झाला. मग खोकलाही फुटेना. त्याचं तोंड उघडं होतं, मान ताणलेली, आणि आत हवा जात नव्हती. त्याने तिचा दंड धरला. लहानपणी पाण्यात पाय निसटला तेव्हा धरला होता तसा, नखं रुतेपर्यंत. मागे आलेल्या दोघांनी त्याला उचललं.

कारखान्याचा दवाखाना आवारातच होता, दोन खोल्यांचा. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या आणि त्यांच्या हाताला घाई ठाऊक नव्हती. त्यांनी त्याचे कपडे कातरून काढले, चेहरा पुसला, इंजेक्शन दिलं, नाकातोंडावर औषधाच्या वाफेचा मुखवटा बसवला. थोरली भिंतीला टेकून उभी होती. तिला त्याच्या नखांचा निळसर रंग दिसत होता आणि ती मनातल्या मनात कोणाची तरी विनवणी करत होती. कोणाची ते तिलाही माहीत नव्हतं.

हळूहळू शीळ मंद झाली. खांदे खाली आले. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर पाठवून घरी फोन करायला सांगितलं. ती आईशी बोलून परत आली तेव्हा धाकट्याने डोळे उघडले होते. तिच्या जिवात जीव आला. ती त्याच्यावर वाकली आणि त्याच्या कपाळावरचा घाम अंगातल्या प्रयोगशाळेच्या कोटाच्या बाहीने टिपला.

शीळ परत सुरू झाली. मिनिटभरात त्याचे खांदे पुन्हा कानांना भिडले. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा वाफ. थोरलीला बाहेर काढलं. काचेच्या दारातून ती बघत राहिली. ती बाहेर असताना त्याला उतार पडला. बोलावलं तशी ती आत आली, उशाशी बसली, आणि त्याची छाती पुन्हा वाजू लागली.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुम्ही कुठल्या खात्यात?"

"प्रयोगशाळेत."

"हा कोट कोण धुतं?"

"मीच. घरी. इथल्या धुलाईवाल्याने मागे बटणं वितळवली होती, तेव्हापासून मी..."

"कशात धुता?"

"गरम पाण्यात. चांगल्या कडक..." आणि थोरलीच्या तोंडचं वाक्य तिथेच राहिलं.

गरम पाण्याशिवाय धुतलेला कपडा तिला स्वच्छच वाटत नसे. तिचा कोट, आणि त्याच पाण्यात घरचे टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे. पाणी वाया घालवायचं नाही म्हणून. घरी जास्त येतो. अंथरुणात तर फारच. पंखा नव्हता तो. महिनाभर ती रोज संध्याकाळी कामावरून येत होती, त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, बरं वाटतंय का विचारत होती, आणि रात्री तो तोंड खुपसून झोपायचा त्या उशीला तिनेच निगुतीने धुतलेला अभ्रा होता.

"त्याच्या शरीराने डूख धरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता जन्मभर सांभाळायला लागेल. ड्रायरचा प्रश्नच नाही. पण तुमच्या अंगावरचा कणही त्याला पुरेल."

आई आली ती धावतपळत, घरच्याच कपड्यांत. डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या दाराशीच अडवलं.

"मी का नको?" आई म्हणाली. "मी काय केलंय?"

थोरलीने तिला सांगायचा प्रयत्न केला. शब्द सोपे होते, तरी आईपर्यंत पोचत नव्हते. आई आपल्या अंगावरच्या कपड्यांकडे बघत होती, स्वच्छ, उन्हात वाळलेल्या, आणि तिला त्यात काही दिसत नव्हतं. "धुतलेले आहेत गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

थोरली दवाखान्याच्या न्हाणीघरात गेली. कपडे काढून पिशवीत घातले, पिशवीचं तोंड बांधलं. गरम नळाकडे हात गेला आणि तिने तो मागे घेतला. थंड पाणी आणि साबण घेऊन तिने अंग घासलं, कातडी लाल होईपर्यंत. नखांत ब्रश फिरवला. केस तीनदा धुतले. मारता येत नाही, निदान वाहून तरी जाईल. आपण घडवलेली वस्तू तिला इतकी नीट माहीत होती की एवढ्याने ती गेली असेल यावर तिचा विश्वास बसत नव्हता. सगळ्यात जास्त भीती तिला याचीच वाटत होती.

ती बाहेर आली तेव्हा अंगात रोग्यांचा सैलसर झगा होता आणि ओल्या केसांवर दवाखान्यातलं नवं कोरं फडकं. डॉक्टरीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जा," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे. हळूहळू जा."

काचेमागून आई बघत होती.

धाकटा उशांना टेकून बसला होता. वाफेचा मुखवटा काढून मांडीवर ठेवलेला, चेहऱ्यावर रंग परत आलेला. तिला बघून तो हसला. तेच हसू, कुठलंही संकट थट्टेवारी नेणारं. "ताई, काय अवतार केलायस," तो म्हणाला. आवाज बसला होता. "ये की. बस." त्याने पलंगाजवळच्या खुर्चीकडे हात केला.

ती एक पाऊल पुढे आली. त्याच्या छातीकडे बघत होती ती, तोंडाकडे नाही. छाती शांत होती. तिने आणखी एक पाऊल टाकलं. तरीही शांतच. तिला वाटलं, जमलं. आता त्याचा हात धरता येईल.

"बस ना," तो पुन्हा म्हणाला, अगदी मायेने. आणि म्हणता म्हणता त्याच्या दुसऱ्या हाताने मांडीवरचा मुखवटा चाचपून उचलला आणि नाकातोंडावर घट्ट धरला. त्याची पाठ उशांत मागे सरकली. तो अजून हसतच होता, मुखवट्याच्या वर डोळे बारीक झाले होते. पण त्या डोळ्यांत तिला जे दिसलं ते तिने आजवर त्याच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. त्याला तिची भीती वाटत होती.

थोरलीने खुर्ची उचलली, दारापाशी नेऊन ठेवली आणि तिथे बसली.